पासपोर्टचं केंद्र कोल्हापुरात आलं, तरी हेलपाटे का? अर्ज अडतो तो गावातल्याच कागदावर

कोल्हापूर : समजा, आजरा तालुक्यातल्या एका तरुणाला दुबईत नोकरी लागली. कंपनीचं पत्र आलं, रुजू व्हायला दीड महिन्याची मुदत मिळाली. पासपोर्टचा अर्ज भरला, पैसे भरले, ठरल्या दिवशी पहाटेची एसटी धरून कोल्हापूरही गाठलं. पण काउंटरवर कळलं की शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे आणि आधारवर १ जानेवारी. अर्ज 'होल्ड'वर गेला. आता आधार दुरुस्त करायचं, पुन्हा यायचं, मग पोलीस पडताळणी. तोवर कंपनी थांबेल का?

पासपोर्टच्या कामात गेल्या १५ वर्षांत सरकारनं मोठी सुधारणा केली आहे, हे खरं. रांगा कमी झाल्या, अर्ज ऑनलाइन झाला, केंद्र पुण्याहून कोल्हापुरात आलं. पण अर्जाच्या मागे जे कागद लागतात ते अजून ग्रामपंचायत, शाळा आणि पोलीस ठाण्यातच तयार होतात. ग्रामीण भागातला अर्ज अडतो तो पुष्कळदा तिथंच. कुठं काय अडतं, खर्च खरा किती आणि काय आधी करून ठेवावं, ते समजून घेऊ.

आधी पुणे, मग कसबा बावडा

पासपोर्ट देण्याचं काम परराष्ट्र मंत्रालयाचं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार ते चालतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात.

टीसीएस कंपनीच्या मदतीनं २०१० पासून देशात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली. जून २०१२ पर्यंत अशी ७७ केंद्रं झाली. कोल्हापूरकरांसाठी त्यातलं जवळचं केंद्र पुण्यात, मुंढव्याला. म्हणजे जायला सव्वादोनशे किलोमीटर, यायला तेवढेच. चंदगड किंवा गगनबावड्याच्या माणसाला त्यात आणखी भर. एका सहीसाठी आणि बोटांच्या ठशांसाठी दोन दिवस मोडायचे, शिवाय मुक्कामाचा खर्च वेगळा.

जानेवारी २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालय आणि टपाल खात्यानं पोस्टाच्या इमारतींत पासपोर्ट केंद्रं उघडायचं ठरवलं. सुरुवात म्हैसूर आणि गुजरातमधल्या दाहोदपासून झाली. पहिल्या टप्प्यातच कोल्हापूरचा नंबर लागला आणि कसबा बावड्याच्या पोस्टात केंद्र सुरू झालं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पोस्टातल्या केंद्रात कागद तपासले जातात, फोटो आणि ठसे घेतले जातात. पासपोर्ट मंजूर करण्याचा अधिकार मात्र पुण्याच्या कार्यालयाकडे असतो. पुस्तिका तिथंच छापून स्पीड पोस्टानं घरी येते. कोरी पुस्तिका तयार होते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्यामुळं "बावड्याच्या साहेबांना सांगून लगेच करून देतो" असं कुणी म्हणत असेल, तर तो थाप मारतोय असं समजावं.

खर्च किती? हा तक्ता जवळ ठेवा

२०१२ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेले ठळक दर असे :

- प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्ट (नवा किंवा नूतनीकरण) : १,५०० रुपये
- ६० पानी : २,००० रुपये
- १८ वर्षांखालील मुलांसाठी ३६ पानी : १,००० रुपये
- तत्काळ हवा असल्यास : वरील रकमेवर आणखी २,००० रुपये
- मुदतीतला पासपोर्ट हरवला किंवा खराब झाला (३६ पानी) : ३,००० रुपये
- परदेशी नोकरीसाठी लागणारा पोलीस क्लिअरन्स दाखला : ५०० रुपये

८ वर्षांखालील मुलं आणि ६० वर्षांवरील ज्येष्ठांना नव्या पासपोर्टवर १० टक्के सूट आहे. मुलाकडं किंवा लेकीकडं परदेशात जाणाऱ्या आईवडिलांनी ही सूट विसरू नये. पैसे भरण्याआधी संकेतस्थळावरच्या शुल्क गणकात एकदा आकडा तपासून घ्यावा, म्हणजे दरात बदल झाला असला तरी फसगत होत नाही.

अर्ज स्वतः भरता येत नसेल तर सीएससी केंद्रातून भरता येतो. २०१४ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा त्यासाठी १०० रुपये आकार ठरला होता. याच्या कितीतरी पट रक्कम "पासपोर्ट काढून देतो" म्हणणारे घेतात आणि करतात फक्त फॉर्म भरायचं काम. तारीख, ठसे, पडताळणी यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं.

संकेतस्थळाचीही काळजी घ्यावी. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतंच. नावात 'पासपोर्ट' आणि 'सेवा' असे शब्द घालून बनवलेली बनावट संकेतस्थळं आहेत, ती जास्तीचे पैसे आणि माहिती दोन्ही काढून घेतात. परराष्ट्र मंत्रालयानंच त्याबद्दल इशारा दिलेला आहे. मोबाइलवर 'एमपासपोर्ट सेवा' हे अधिकृत ॲप वापरावं.

तारीख मिळत नाही तेव्हा

पैसे ऑनलाइन भरल्याशिवाय अपॉइंटमेंट मिळत नाही. भरलेले पैसे एक वर्ष चालतात, पण परत मिळत नाहीत. ठरलेल्या दिवशी जमलं नाही तर वर्षभरात तीन वेळा तारीख बदलता येते. त्यानंतर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा पैसे. म्हणून कागद तयार नसताना नुसती "तारीख धरून ठेवू" असं करू नये. सुगीच्या दिवसांत, घरात लग्नकार्य असताना तारीख घेऊन मग बदलत बसण्यात या तीन संधी संपतात.

पोस्टातल्या केंद्रात काउंटर कमी असतात, त्यामुळं रोजच्या जागाही मोजक्याच. तारीख लांबची मिळत असेल तर एक मार्ग आहे जो अनेकांना माहीत नसतो. जून २०१८ पासून देशात कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडं अर्ज करता येतो. पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही त्याच पत्त्यावर येतो.

चंदगडच्या माणसाला याचा चांगला उपयोग आहे. त्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. बेळगावच्या पोस्टातही केंद्र आहे, ते बेंगळुरूच्या कार्यालयाखाली येतं. अर्ज भरताना तसं कार्यालय निवडलं तर राज्य वेगळं असलं तरी अडचण येत नाही. शाहूवाडीच्या मुलानं पुण्यात नोकरी करत असताना मुंढव्याला अर्ज केला तरी चालतो. फक्त अर्जात सध्याचा पत्ता कुठला द्यायचा हे नीट ठरवावं, कारण पोलीस त्याच पत्त्यावर चौकशीला येणार.

जाताना मूळ कागद न्यावेत. पावतीची छापील प्रत नसली तरी मोबाइलवर आलेला अपॉइंटमेंटचा एसएमएस चालतो. तत्काळची सोय निवडलेल्या केंद्रावर आहे का, हे तारीख घेतानाच पाहून घ्यावं.

१ जूनला जन्मलेली पिढी

गावाकडं चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांची शाळेतली जन्मतारीख विचारली, तर दहांतले कितीतरी जण १ जून सांगतील. कारण साधं आहे. जन्म घरी झाला, ग्रामपंचायतीत नोंद झाली नाही किंवा झालेली कुणाला माहीत नव्हती. जूनमध्ये शाळा सुरू होताना गुरुजींनी पोराचं वय बघून १ जून टाकलं आणि पट पूर्ण केला. पुढं आधार काढताना ज्यांच्याकडं कागद नव्हता, त्यांच्या कार्डावर नुसतं जन्मवर्ष किंवा १ जानेवारी आलं. मतदार कार्डावर तिसरंच काहीतरी.

आयुष्यभर या फरकानं काही अडलेलं नसतं. सेवा संस्थेचं कर्ज मिळतं, उसाचं बिल खात्यावर येतं, रेशन मिळतं. अडतं ते पासपोर्टला. संगणकाला एकाच माणसाच्या दोन तारखा चालत नाहीत.

नियम खरं तर सोपे झाले आहेत. पूर्वी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना जन्म दाखला सक्तीचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये ही सक्ती गेली. आता शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यापैकी जन्मतारीख असलेला कागद पुरावा म्हणून चालतो. नोटरीच्या शिक्क्याची कटकटही गेली, साध्या कागदावरचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं.

पण यात एक महत्त्वाचा बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्म दाखला हाच एकमेव पुरावा आहे. २०२५ मध्ये पासपोर्ट नियमांत तशी दुरुस्ती झाली. म्हणजे आज ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी दाखला आत्ताच काढून ठेवावा आणि त्यावर बाळाचं नाव घातलं आहे का तेही पाहावं. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, नावाची जागा कोरी राहते आणि पुढं कुणाच्या लक्षात येत नाही. जन्माची नोंदच एक वर्षात झाली नसेल तर नंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. राज्य सरकारनं २०२५ मध्ये अशा उशिराच्या नोंदींची तपासणी आणखी कडक केली आहे.

मोठ्या माणसांनी काय करावं? अर्ज भरण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडावेत आणि तारीख, नाव, वडिलांचं नाव ओळीनं ताडून पाहावं. शाळा सोडल्यानंतर शाळेच्या नोंदवहीतली तारीख बदलणं फार अवघड. त्यामानानं आधार आणि पॅन दुरुस्त करणं सोपं. पण आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, नाव दोनदा. त्यामुळं "आधी करून तर बघू" असा प्रयोग करू नये. कुठली तारीख कायम ठेवायची ते ठरवूनच दुरुस्ती करावी. पहिल्या पासपोर्टवर जी तारीख बसते ती नंतर बदलून घेणं हे वेगळंच दुखणं आहे.

सासरचं नाव, माहेरचं नाव

दुसरी अडचण नावाची, आणि ती जास्त करून बायकांच्या वाट्याला येते. आपल्याकडं लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, जमिनीच्या उताऱ्यावर तिसरी. माणूस एकच, पण कागदावर तिघी.

२०१६ च्या नियमांनुसार विवाहितेला पासपोर्टसाठी विवाह दाखल्याची सक्ती नाही. घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव देण्याची गरज नाही. आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असाही नियम नाही, माहेरच्या नावानंही पासपोर्ट मिळतो. पण जे नाव द्यायचं ते आधार आणि इतर कागदांवर तसंच असावं. सासरचं नाव हवं असेल तर ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणी दाखला उपयोगी पडतो. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घेणं हा पक्का मार्ग.

फॉर्ममध्ये आणखी एक गफलत होते. आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये दिलेलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात आडनाव. घाईत हे उलटं झालं की पुढं व्हिसा आणि विमानाच्या तिकिटापर्यंत तेच उलटं नाव चालत राहतं.

पोलीस घरी येतात तेव्हा

नव्या पासपोर्टला साधारणपणे आधी पोलीस पडताळणी होते. पोलिसांसाठी आता 'एमपासपोर्ट पोलीस' ॲप आहे, अहवाल थेट ऑनलाइन जातो. यासाठी अर्जदारानं पोलिसांना एक रुपयाही द्यायचा नसतो. पडताळणीचा खर्च केंद्र सरकार राज्याच्या पोलीस खात्याला देतं.

अर्जदार पत्त्यावर सापडला नाही तर अहवाल प्रतिकूल जातो. मुलगा पुण्यात कामाला आणि अर्ज गावच्या पत्त्यावर असेल, तर हे हमखास घडतं. अर्जानंतरचे काही आठवडे फोन चालू ठेवावा आणि बोलावणं आलं की गावी हजर राहावं.

गुन्हा नोंद असेल तर? कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या अर्थानं महत्त्वाचा. इथं ऊसदराच्या आंदोलनात रस्ता रोखला म्हणून, मोर्चात होता म्हणून साध्या घरातल्या पोरांवरही गुन्हे नोंदले गेलेले असतात. कायद्यानुसार फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण नुसती तक्रार नोंदली आहे आणि न्यायालयानं अजून दखल घेतलेली नाही, तर तो प्रलंबित खटला धरला जात नाही. परराष्ट्र मंत्रालयानं २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

खटला खरोखर चालू असेल तरी दार बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयानं मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलामार्फत अर्ज करताना मुदतीचा उल्लेख मागून घ्यावा. फॉर्ममध्ये गुन्हा लपवणं मात्र महागात पडतं. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार सौदी अरेबिया, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना काही जणांना सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावी पास नसलेले कामगार त्यात प्रामुख्यानं येतात. त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते.

दहावी पास असूनही प्रमाणपत्र जोडलं नाही तर ही नोंद पडू शकते. मग ती काढायला पासपोर्ट पुन्हा काढायचा, फी पुन्हा भरायची.

ज्यांना ही परवानगी लागते त्यांची नोंद 'ई-मायग्रेट' या सरकारी प्रणालीत होते. भरती करणारा एजंट परवानाधारक आहे की नाही, तेही तिथंच तपासता येतं. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. शिवाय १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा असतो. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये.

आता हिशेब करा. गावात लाख-दोन लाख मागणारा आणि "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो" म्हणणारा माणूस नेमकी हीच सगळी साखळी चुकवत असतो. तिकडं पगार थकला, अपघात झाला, पासपोर्ट मालकानं काढून घेतला, तर सरकारच्या दप्तरी हा माणूस पर्यटक असतो. विमाही नाही आणि करारही नाही. एजंटला द्यायला गहाण टाकलेलं शेत किंवा मोडलेलं सोनं मात्र खरं असतं.

काय सुधारता येईल?

पुण्याचा फेरा वाचला, तो सरकारनं पोस्टाची इमारत वापरायचं ठरवलं म्हणून. तसाच साधा विचार पुढच्या पायऱ्यांवरही करता येईल.

- तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस कागद तपासणीचा ठेवला, तर तारखेतला आणि नावातला फरक अर्ज भरण्याआधीच कळेल. ग्रामसेवक, शाळा आणि आधार केंद्र एका छताखाली असतील तर एका फेरीत काम होईल.
- अर्ज 'होल्ड'वर गेला तर नेमका कुठला कागद हवा, हे मराठीत लेखी मिळावं.
- पडताळणीला येण्याआधी पोलीस ठाण्यातून दिवस कळवला गेला, तर पुण्या-मुंबईतला मुलगा रजा काढून गावी येऊ शकेल.
- शुल्काचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर मधल्या माणसाचं दुकान आपोआप बंद होईल.
- काही पासपोर्ट कार्यालयांनी फिरत्या व्हॅन सुरू केल्या आहेत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड या दक्षिणेकडच्या तालुक्यांत त्या ठरावीक दिवशी आल्या, तर ज्येष्ठांची मोठी सोय होईल.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

तक्रार कुठं करायची?

पासपोर्टबाबत राष्ट्रीय कॉल सेंटरचा टोल फ्री क्रमांक १८००-२५८-१८०० आहे. परदेशी नोकरी आणि एजंटबाबत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा क्रमांक १८००-११-३०९०. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवरही ऑनलाइन तक्रार करता येते.

ग्रामपंचायतीचा जन्म दाखला मात्र राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो. ठरलेल्या मुदतीत तो मिळाला नाही तर अपील करता येतं, आणि तिथंही दाद लागली नाही तर सेवा हक्क आयोगाकडं जाता येतं. "उद्या या" हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही.

परदेशी जायचं असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाचे कागद आज एकदा काढून जुळवून बघावेत. नोकरीचं पत्र किंवा नातवंडाच्या जन्माची बातमी आली, की त्यानंतर १ जून आणि १ जानेवारीचा घोळ निस्तरायला वेळ नसतो.